लटारीभाऊ आणि पडद्यावरची लढाई

लढाईचा सिनेमा असेल त्या शनिवारी लटारीभाऊंनी मैदानावर यायचं नाही, असा ठराव आमच्या कॉलनीच्या क्लबने केला होता. भुताचा असो, देवाचा असो, मारामारीचा असो, दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला यावं, खुशाल यावं. फक्त लढाईच्या नाही. ठराव सांगायला क्लबचे सेक्रेटरी स्वतः त्यांच्या क्वार्टरवर आले. लटारीभाऊ पायरीवर उकिडवे बसून बूट पुसत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मैदान सरकारी, खुर्ची माझी, तोंड माझं. तुमचा का, थो पडदा. मी पडद्याकडे पाठ करून बसतो. मंग त चालते?"

सेक्रेटरींना वाटलं, गंमत करतायत. शनिवारी हा माणूस खरोखरच खुर्ची उलटी मांडून, सगळ्या कॉलनीकडे तोंड करून बसला. मागे तोफा गडगडत होत्या. लटारीभाऊ डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत होते, "खोटं! एवढ्या गोळ्या एका बंदुकीत मावत नाई. खोटं! गोळी लागल्यावर माणूस एवढा बोलत नाई, बाप्पा. अबे, मरू दे ना त्याले!" त्या दिवशी पडद्याकडे कमी आणि लटारीभाऊंकडे जास्त लोक बघत होते. ठराव तिथेच बारगळला.

ऊर्जानगरच्या त्या कॉलनीत मी लग्न होऊन आले, तेव्हा मला कशाचीही भीती वाटायची. मी देवगडकडची. समुद्राचा आवाज नसलेल्या गावात माणसं झोपतात कशी, हेच मला कळत नव्हतं. सातवीत शाळा सुटली होती, धाकट्या भावंडांना बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. आमचे हे टर्बाइनवर, कधी पहिल्या पाळीला, कधी तिसऱ्या. मी घरात एकटी. नळाला पाणी कधी येतं हे विचारायचीसुद्धा चोरी, कारण इथली माणसं बोलायची ते मला निम्मं कळायचं नाही, आणि मी बोलले की ती हसायची. समोरच्या क्वार्टरमधले लटारीभाऊ गेटवर सिक्युरिटीत होते, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. उंच, हडकुळे, कानाच्या पाळ्या उन्हाने भाजून काळ्या झालेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, कोकणबाई. त्यांच्या यमुनाबाईंनी न विचारता चुलीवरचं गरम पाणी आणून माझ्या बादलीत ओतलं. त्या दोघांनी माझ्यासाठी काय काय केलं, याची यादी करायला बसले तर हा लेख यादीतच संपेल.

माझा पाठचा भाऊ बाळा त्याच वर्षी फौजेत भरती झाला होता. त्याचं पत्र येईना. अशात मैदानावर लढाईचा सिनेमा आला आणि यमुनाबाई मला ओढून घेऊन गेल्या. पडद्यावर एक पोरगा बाळाच्याच वयाचा, तसाच दात पुढे असलेला. तो आगीतून पळत सुटला आणि मला पुढचं दिसेनासं झालं. मी खालीच बसले. कोणी म्हणालं पाणी आणा, कोणी म्हणालं कांदा आणा. लटारीभाऊ माझ्यासमोर येऊन बसले, पडदा झाकला जाईल असे.

"कोकणबाई, इकडं पाय. माझ्याकडं. तुझा भाऊ आत्ता का करून राह्यला, सांगू?"

मी मान हलवली.

"आलू सोलून राह्यला. नाई त खड्डा खोदून राह्यला. नाई त त्याची दाढ दुखून राह्यली, अन् डॉक्टर लायनीत उभं करून राह्यला. फौज म्हणजे हेच. एवढं पळत नाई कोणी. पळाले असते त मंग लढाई एका दिवसात नसती सरली?"

मी रडता रडता हसले. पुढे बाळाचं पत्र आलं, त्यात पहिल्याच ओळीत दाढदुखीची तक्रार होती. मी ते पत्र घेऊन समोर धावले. लटारीभाऊ जराही चकित झाले नाहीत. "दुखणारच," म्हणाले. "फौजेत दाढ दुखली नाई असा माणूस मले दाखव."

त्यांचा राग सिनेमावर नव्हता, हे सांगायला हवं. सिनेमाचं त्यांना वेड होतं. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ पंचवीस वर्षांनी गळ्यातल्या ताईतावरून एकमेकांना ओळखतात, हे त्यांना शंभर टक्के खरं वाटायचं. नागीण बाई होते, यावर त्यांचा विश्वास होता की काय माहीत नाही, पण त्यावर ते कधी "खोटं" म्हणाले नाहीत. आईच्या मरणाला तर ते उघड हुंदके देत. यमुनाबाई चिडवायच्या, "नागिणीवर भरोसा ठेवता, अन् एका बिचाऱ्या शिपायावर ठेवत नाई!" त्यावर लटारीभाऊ म्हणत, "नागिणीसोबत मी राह्यलो नाई. शिपायासोबत राह्यलो."

एवढंच त्यांचं शास्त्र होतं. राह्यलो त्याबद्दल बोलीन.

आणि राहिले ते कसे, हे त्यांच्या चालण्यावरून कळे. लटारीभाऊ गवतावर पाय ठेवत नसत. कॉलनीत बागेतून आडवी वाट होती, सगळे तिथून जायचे. ते मात्र डांबरी रस्त्याने पूर्ण वळसा घालून येत, भर उन्हातही. पोरं विचारायची, "भाऊ, गवतात काऊन नाई येत?" ते म्हणत, "पायाची खोड आहे रे." सुरुंग गवतात पुरतात, हे मला पुष्कळ दिवसांनी यमुनाबाईंकडून कळलं. पलटणीत ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्यांत होते. एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत तार न्यायची, तुटली की जोडायची. आमच्या सगळ्या ओळीतल्या कपडे वाळत घालायच्या तारा त्यांनीच बांधून दिल्या होत्या. वादळात छपरं उडाली, पण त्या तारांची एक गाठ कधी सुटली नाही.

एकदा शाळेत पंधरा ऑगस्टला मुलांकडून लढाईचा देखावा बसवायचं ठरलं. मोठ्या बाईंनी मानाने लटारीभाऊंना बोलावलं. पोरांनी लाकडी बंदुका केल्या होत्या, तोंडाने ठो-ठो करायचा सराव घरोघरी चालला होता. लटारीभाऊंनी पहिल्या दिवशी सगळ्या बंदुका गोळा करून कपाटात टाकल्या आणि पोरांच्या हातात फावडी दिली. दोन दिवस पोरांनी मैदानाच्या कडेला खंदक खणले. तिसऱ्या दिवशी त्यांना खंदकात बसवलं.

"आता?" पोरांनी विचारलं.

"आता बसा."

"कुठपर्यंत?"

"मी उठा म्हणेपर्यंत. बोलायचं नाई. मच्छर चावला त मारायचा नाई."

तासाभराने एक पोरगा रडकुंडीला आला. "भाऊ, लढाई कवा होते?"

"हे चालू आहे ना, लेका!"

मोठ्या बाई धावत आल्या. मुलांचे कपडे चिखलाने माखलेले, पाहुण्यांना दाखवायला काही नाही. बाई म्हणाल्या, "अहो, यात वीररस कुठे आहे?" लटारीभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईच ओशाळल्या. म्हणाले, "बाई, हे पोट्टे भेले होते, तरी बसले. मले त याहून मोठं काही दिसलं नाई तिथी." देखावा रद्द झाला. खंदक पावसाने भरले आणि त्यात पोरांनी कागदाच्या होड्या सोडल्या.

त्यांच्या तोंडून मी मंगरूचं नाव ऐकलं ते त्या देखाव्यानंतर. अहेरीच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावचा गोंड पोरगा, त्यांच्याच तुकडीतला. या भागातले दोघेच, म्हणून एकमेकांना धरून. एकाहत्तरची लढाई संपली. तोफा थांबल्या, दोन्हीकडचे लोक आपापल्या खंदकातून उठून उभे राहिले, कोणी आंघोळी केल्या. आणि मग हुकूम आला, तारा गोळा करा. सरकारी माल, शेतात सोडून कसा चालेल? मंगरू आणि लटारीभाऊ रीळ घेऊन निघाले. एकाने तार उचलून द्यायची, दुसऱ्याने रिळावर गुंडाळत पुढे जायचं. मंगरू पुढे होता. गव्हाच्या शेतात पुरलेला सुरुंग कोणी काढलेला नव्हता.

"बोलला का काही?" मी विचारलं. सिनेमे बघून मलाही तसंच वाटायचं.

"नाई," लटारीभाऊ म्हणाले. "काहीच नाई. वेळच नव्हता."

रजेवर आल्या आल्या ते मंगरूच्या आईकडे गेले होते आणि जे घडलं ते तसंच्या तसं सांगितलं होतं. तेव्हापासून दरवर्षी एकदा जात. पण गावात गोष्ट पसरली ती निराळीच. अहेरीच्या बाजारात तंबूचा सिनेमा येऊ लागला आणि लढाईत मरणं म्हणजे कसं असतं, ते सगळ्यांना पाठ झालं. हातात बंदूक, समोर दुश्मन, ओठावर देशाचं नाव. मग मंगरूच्या धाकट्या भावाला, चिन्नाला, लोक म्हणू लागले, "तुझा भाऊ शहीद कसा? लढाई सरल्यावर मेला. तारा गुंडाळता गुंडाळता!" कोणी दारू पिऊन म्हणे, कोणी न पिता.

आमच्या बदलीचा हुकूम आला त्या उन्हाळ्यात लटारीभाऊ एकदा फारच चिडून घरी आले. चिन्नाचा निरोप होता. गोंडांकडे मेलेल्या माणसासाठी खांब उभा करायची रीत आहे. सागवानाचा खांब, आणि त्याच्या चारी अंगांना त्या माणसाने जगताना जे केलं ते कोरायचं. बैल हाकले तर बैल, ढोल वाजवला तर ढोल. जे केलं नाही ते नाही. मंगरूचं प्रेत आलं नाही म्हणून आईने इतकी वर्षं खांब उभारू दिला नव्हता. आता ती थकली होती. गावच्या सुताराने तीन बाजू कोरल्या. चौथी, फौजेची बाजू, कोरी ठेवली, कारण फौज त्याने पाहिलेली नव्हती. तेव्हा तंबूवाल्या शेठने निरोप धाडला, माझा पोस्टरवाला पेंटर देतो, फुकट. खांबाला हार घालायला मोठे लोक आणतो, आणि त्या दिवशी गावाला लढाईचा सिनेमाही फुकट दाखवतो.

"फुकट!" लटारीभाऊ यमुनाबाईंवर ओरडले, जणू त्याच शेठ होत्या. "मी जाऊन राह्यलो."

यमुनाबाई म्हणाल्या, "मी बी येतो. तुम्ही भांडण करून याल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बी चल, कोकणबाई. तुझा माणूस पुढं गेला, सामान बांधून झालं, एकटी का करशील?" मला जंगलाची भीती वाटत होती. पण त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं असतं.

पहाटेच्या एसटीने निघालो. आष्टी, आलापल्ली, मग अहेरी, आणि तिथून दुसऱ्या बसने पुढे. खांब रस्त्याच्या कडेलाच होता, मोहाच्या झाडाजवळ. तीन बाजू इतक्या सुंदर की मी हात लावून बघितल्या. बैलजोडी, मासे धरायची टोपली, ढोल. चौथ्या बाजूला पेंटर नुकताच रंग देऊन उठला होता. लाल-पिवळ्या ज्वाळा, त्यात रुंद छातीचा, गोरा, पिळदार मिशीचा शिपाई, हातात त्याच्याएवढी मशीनगन. तंबूबाहेरच्या पोस्टरवर असतो तोच. खरं सांगायचं तर रंगकाम छान होतं.

चिन्ना पुढे आला. "दादा, कसं वाटते?"

"हा कोण आहे?" लटारीभाऊंनी विचारलं.

"मंगरूदादा."

"मंगरूले मिशी कवा आली?"

पोरं हसली. चिन्ना हसला नाही. त्याने लटारीभाऊंचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "दादा, असू द्या ना. पाया पडतो. आजपावतर लोक आमाले हसत आले. आज पहिल्यांदा कोणी हार घेऊन येऊन राह्यले. तार दाखवली त पुन्हा हसतील. बंदूक राहू द्या."

लटारीभाऊंनी हात सोडवून घेतला नाही. चिन्नाचं म्हणणं खोटं नव्हतं. तिकडे शेठ जीपच्या भोंग्यावरून पुकारत होता, आपल्या गावच्या शेराने कित्येक दुश्मनांना लोळवलं, आणि अखेरच्या श्वासापर्यंत, वगैरे. यमुनाबाईंनी माझ्या दंडाला धरलं होतं. त्यांना भांडणाची भीती होती. मला उलट भीती वाटत होती, की आता ते भांडणार नाहीत.

मंगरूची आई, जैनीबाई, झाडाखाली बसली होती. लटारीभाऊ सरळ तिच्याकडे गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, तू सांग. चिन्ना म्हणते बंदूक राहू दे. मी म्हणतो पुसून टाक. मी माझ्यासाठी म्हणत नाई. माझ्या धर्मात खांब नाई, काही नाई. पण तुझ्यात आहे. पोट्टा तुझा, खांब तुझा."

जैनीबाई उठली. खांबाभोवती एक फेरी मारली. बैलांवरून हात फिरवला, टोपलीवरून, ढोलावरून. चौथ्या बाजूपाशी थांबून त्या मिशीवाल्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग चिन्नाकडे बघून गोंडीत काहीतरी बोलली. चिन्नाने मान खाली घातली. लटारीभाऊंनी विचारलं, "का म्हणते?"

"म्हणते," चिन्ना म्हणाला, "तो लांबून येईल. आपला खांब पाहील. हा दुसऱ्याचा समजून परत जाईल."

एवढं बोलणं होईपर्यंत म्हातारी घरात गेली होती. परत आली ती चिमणीतल्या रॉकेलची बाटली घेऊन. बाटली तिने लटारीभाऊंच्या हातात दिली आणि लुगड्याचा एक जुना तुकडाही दिला.

पुढचं फार पटकन झालं. रंग ओला होता. पहिल्या फटक्यात मशीनगन गेली, दुसऱ्यात मिशी. शेठ जीपमधून उडी मारून धावत आला. "अरे काय करता! साहेब लोक येऊन राह्यले! कोण आहेस तू?"

लटारीभाऊंनी पुसायचं थांबवलं नाही. "मी होतो तिथी. तू नव्हता. तुझा पेंटर नव्हता. तुझा पिच्चरवाला बी नव्हता."

"तारा गुंडाळणाऱ्याले कोण हार घालते?"

"नको घालू! कोणी मागितला तुले?" आता ते पूर्ण उभे राहिले. कोपरापर्यंत लाल रंग माखलेला. "बंदूक चालवणाऱ्याले कोण सांगते, कुठी चालव म्हणून? तारेवरून सांगते. तार टाकली कोणी? या पोट्ट्यानं. अन् सारे आंघोळ करून राह्यले होते, तवा बी कामावर कोण होता? हा. तुमच्या पिच्चरमध्ये लढाई सरली की बत्ती लागते, लोक घरी जाते. आमची नाई सरली. लिहून घे तुझ्या भोंग्यात. लढाई सरल्यावर मेला म्हणून सांग. मोठ्यानं सांग!"

चिन्नाने वाकून खाली पडलेला फडका उचलला आणि उरलेल्या ज्वाळा तो स्वतः पुसू लागला. शेठ जीपमध्ये बसला. हार आणणारे आले नाहीत, की आले आणि वाटेतून वळले, कुणास ठाऊक. आम्ही होतो तोवर कोणी आलं नाही.

राहिला पेंटर. काटकुळा, शांत माणूस, कानावर ब्रश. त्याची मेहनत डोळ्यांदेखत पुसली गेली होती, तरी तो गेला नव्हता. डबा हातात घेऊन म्हणाला, "काढतो ना. पण तार गुंडाळताना माणूस दिसते कसा? कोणत्या पिच्चरमध्ये दाखवलं?"

लटारीभाऊ मोठ्याने हसले. त्यांनी कुणाकडून तरी दोरी मागवली, एक रिकामं मडकं काखेला लावलं आणि रस्त्याच्या कडेने कमरेत वाकून चालू लागले. दोरी उचलायची, मडक्याला वेढा द्यायचा, पाऊल पुढे, पुन्हा उचलायची. पोरं मागून चालली. पेंटर कोळशाने रेघा मारू लागला.

तेवढ्यात आमची बस आली. परतीची ती एकच होती. लटारीभाऊ खांबाच्या पूजेपर्यंत थांबणार होते, मी आणि यमुनाबाई चढलो. कंडक्टर सरपंचाशी काही बोलत होता, म्हणून बस क्षणभर उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. त्यांना हाक मारावी, सगळ्याबद्दल काहीतरी बोलावं, असं मनात फार होतं. पण ते कामात होते.

जैनीबाई हळूहळू त्यांच्यापाशी गेली. तिने त्यांच्या उजव्या हातातलं दोरीचं टोक काढून घेतलं आणि डाव्या हातात दिलं. काही बोलली. लटारीभाऊंनी कपाळावर हात मारला आणि त्यांचा आवाज बसपर्यंत आला, "खरंच की वं! डावरा होता थो. मी विसरलोच होतो!"

त्यांनी मडकं उजव्या काखेला घेतलं. डाव्या हाताची सवय नव्हती, दोरी सारखी निसटत होती. बस सुटली. पेंटरने आधीच्या रेघा पुसल्या आणि लटारीभाऊ वाकून पुन्हा पहिल्यापासून चालू लागले, म्हातारी सांगेल तसे.